मंजूर नकाशात नसलेला मजला

घर पाहायला गेलो तेव्हा मला सगळ्यात आधी आवडली ती दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली. चार मीटर बाय साडेतीन, पूर्वेला खिडकी आणि खिडकीत शेजारच्या शेवग्याची फांदी. माझा नवरा खाली पाण्याची टाकी उघडून बघत होता, तेवढ्यात मी वर त्या खोलीत मनातल्या मनात माझं टेबल मांडून मोकळी झाले होते.

"हा मजला मी स्वतः उभं राहून बांधून घेतलाय, २००९ साली," घरमालक काका म्हणाले. "बाकी घर शहाण्णवचं."

त्यातला 'बाकी' हा शब्द मला तेव्हा ऐकूच आला नाही.

महाराष्ट्रातल्या एका महापालिका हद्दीतली ही गोष्ट. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण काका आता आमचे परिचित आहेत आणि त्यांना अवघडवायची माझी इच्छा नाही. १६८ चौरस मीटरचा प्लॉट, पुढे साडेसात मीटरचा रस्ता, तळमजला अधिक दोन. एजंटने पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं: बांधकाम ३,४२३ चौरस फूट, अपेक्षित किंमत १ कोटी ३८ लाख, 'ऑल पेपर्स क्लिअर'.

कागद खरोखरच भरपूर होते. काकांनी पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवले: खरेदीखत, इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता पत्रक, बिनशेतीचा आदेश, तिन्ही मजल्यांची वीजबिलं, पंचवीस वर्षांच्या करपावत्या. नकाशाही होता, निळा, घड्यांवर विरलेला. तो जमिनीवर पसरला. तळमजला, पहिला मजला, उभा छेद आणि चौथ्या चौकोनात नुसती चार भिंतींची रेघ. तिच्या मधोमध लिहिलं होतं 'गच्ची'. माझं टेबल मी गच्चीवर मांडलं होतं.

मी काकांकडे पाहिलं. ते अजिबात गडबडले नाहीत. करपावतीवर बोट ठेवून म्हणाले, "महापालिका तिन्ही मजल्यांचा कर घेते. हे बघा, शास्तीसुद्धा भरतो. दंड भरतोय म्हणजे कायदेशीरच झालं ना?"

हा युक्तिवाद मी नंतर निदान सहा जणांच्या तोंडून ऐकला, म्हणून इथे जरा थांबते. शास्ती म्हणजे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत आकारली जाणारी रक्कम, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली. आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या पावतीला काका ढाल समजत होते, तीच मुळात बांधकाम बेकायदा असल्याचा महापालिकेने दरवर्षी दिलेला दाखला होती. वीजबिलाचंही तसंच. वीज कंपनीला मीटर बसवायला भिंत लागते, ती भिंत मंजूर आहे का हे ती विचारत बसत नाही.

वकीलबाईंनी तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल दिला. अगदी स्वच्छ. बोजा नाही, दावा नाही, वारसांचा घोळ नाही. मी हुश्श म्हणणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "टायटल स्वच्छ आहे. बांधकाम स्वच्छ आहे की नाही, ते माझ्या अहवालात येत नाही. त्यासाठी आर्किटेक्ट धरा. आणि उद्या तुम्ही खरेदीखत नोंदवलंत तर दुय्यम निबंधक ते नोंदवतील. नोंदणी झाली म्हणजे मजला पास झाला, असंही समजू नका."

तोवर मला वाटत होतं की एवढ्या कागदांपैकी कुठल्या तरी एका कागदावर 'हे चालेल' असं लिहिलेलं असेल. प्रत्येक कागद सांगत होता की मजला आहे. तो असू शकतो, असं एकही कागद म्हणत नव्हता.

आर्किटेक्ट एका रविवारी आले आणि लेझर असूनही मला टेप धरायला लावली. "घर घेणाऱ्याने एकदा तरी टेपचं टोक धरावं," असं त्यांचं मत. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपण ज्याला सरसकट एफएसआय म्हणतो, त्याचं गणित शाळकरी आहे: सगळ्या मजल्यांचं बांधकाम भागिले प्लॉटचं क्षेत्र. घोळ असतो तो 'बांधकामात' काय धरायचं यात. १९९६ मध्ये इथे निर्देशांक १ होता, जिना आणि बाल्कनी हिशेबाबाहेर. त्यामुळे १६८ च्या प्लॉटवर ८२ आणि ८२ असे १६४ चौरस मीटर मंजूर झाले होते. काटेकोर काम. आता लागू आहे ती ३ डिसेंबर २०२० पासूनची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यभर. तिच्यात मोजायची पद्धतच बदलली. बाहेरच्या भिंतीच्या कडेने एक रेघ काढायची, तिला पी-लाइन म्हणतात, आणि तिच्या आत जे येईल ते सगळं मोजायचं. जिनाही, बाल्कनीही.

तसं मोजल्यावर तळमजला १०१ भरला, त्यात मागे भिंतीला टेकवून बांधलेली आठ चौरस मीटरची कोठीची खोली. पहिला मजला १०९, कारण बाल्कन्या काचा लावून आत घेतलेल्या. दुसरा १०८. एकूण ३१८.

मग त्यांनी बोनेटवर वही ठेवून दुसरा हिशेब केला. मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे १८४.८०. त्यावर निवासी बांधकामाला साठ टक्के पूरक क्षेत्र प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळतं, म्हणजे ११०.८८. बेरीज २९५.६८.

"म्हणजे तुमचं घर २२.३२ मीटरने जास्त आहे," ते म्हणाले. "चांगली बातमी आहे."

मला ती चांगली बातमी वाटेना. पण त्यांचा मुद्दा असा होता की २०२० च्या आधी हाच मजला जवळजवळ पूर्ण पाडावा लागला असता. आता बराचसा कागदावर आणता येतो. उरले २४० चौरस फूट.

एजंटकडे या २४० फुटांवर दोन तोडगे तयारच होते. पहिला, "टीडीआर घेऊन टाका, होऊन जाईल." टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरचा, विकत घेता येणारा बांधकाम हक्क. आर्किटेक्टनी नुसता टेप पुन्हा उघडला आणि रस्ता मोजला. साडेसात मीटर. नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर टीडीआरही वापरता येत नाही आणि त्या साठ टक्के पूरक क्षेत्रापलीकडे प्रीमियमचा जादा एफएसआयही मिळत नाही. हा नियम मला आधी जाचक वाटला होता. मग एका संध्याकाळी त्या गल्लीत पाण्याचा टँकर आणि शाळेची बस समोरासमोर आले, आणि बस शंभरेक मीटर मागे जाईपर्यंत मी स्कूटर बंद करून फाटकाला टेकून उभी राहिले. गल्लीतला प्रत्येक जण आपला एकच मजला मोजतो. रस्ता आणि गटार मात्र सगळ्यांचे मिळून मोजतात.

दुसरा तोडगा, "२०१५ च्या आधीचं सगळं सरकारने माफ केलंय." माफ वगैरे काही केलेलं नाही. नगररचना अधिनियमात कलम ५२-अ घातलं गेलं, ते ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना अटी आणि शुल्क लावून नियमित करण्यासाठी. अर्ज करावा लागतो, तपासणी होते, नाकारलाही जातो. घरबसल्या बांधकाम पुण्यवान होत नाही.

तिसरा तोडगा नव्हता, एक प्रश्न होता: "या गल्लीत कुणाचं बरोबर आहे, मॅडम?" मी गच्चीवरून मोजलं. अकरापैकी सात घरांवर मंजुरीपेक्षा जास्त चढलेलं दिसत होतं. खरं सांगते, त्या क्षणी बरं वाटलं होतं. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातल्या लोकांनाही वाटलं असेल. तिथे पाच-सहा मजल्यांची परवानगी असताना एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली, लोक पंचवीस-तीस वर्षं राहिले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका पानाचा मजकूर: अमुक सर्व्हे नंबरवरील बांधकामाच्या फाइलचं अवलोकन करायचं आहे. कायद्याने तीस दिवसांची मुदत, मला तेविसाव्या दिवशी बोलावलं. फाइल सुतळीने बांधलेली, वर धुळीचा थर. आत बांधकाम सुरू करायचं १९९६ चं प्रारंभ प्रमाणपत्र, जोता तपासणी, राहायला परवानगी देणारं १९९७ चं भोगवटा प्रमाणपत्र, सगळं व्यवस्थित. आणि अगदी वर, म्हणजे सगळ्यात अलीकडचा कागद, २०१० ची नोटीस. नगररचना अधिनियमाचं कलम ५३. दुसऱ्या मजल्याचं अनधिकृत बांधकाम एक महिन्यात काढून टाका. तिला टाचणीने जोडलेलं काकांचं उत्तर, त्यांच्याच वळणदार अक्षरात: घरात माणसं वाढली आहेत, मुलाचं लग्न ठरलं आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

त्यानंतर फाइलमध्ये काहीच नव्हतं. पंधरा वर्षं.

मी काकांना छायाप्रत दाखवली. ते बराच वेळ स्वतःचं अक्षर बघत बसले. "अगं, त्यांनी परत काही पाठवलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, मान्य केलं." काकू आतून म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते." ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. सहानुभूतीपूर्वक विचार झाला, पण उत्तर द्यायचं राहून गेलं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

वकीलबाईंना मात्र त्या प्रामाणिकपणाशी कर्तव्य नव्हतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने महत्त्वाचा दोष सांगायलाच हवा, हे खरं. पण तो दोष घेणाऱ्याला साध्या काळजीने शोधता येण्यासारखा नसेल तर. "नकाशात गच्ची लिहिलंय आणि वर मजला उभा आहे. एवढं दिसत असताना घेतलंत तर नंतर 'मला फसवलं' म्हणता येणं अवघड आहे. आणि नोटीस घराबरोबर येते. काकांकडे राहत नाही."

घरी दोन रात्री भांडण झालं. नवरा म्हणत होता, सोडून दे. माझं म्हणणं असं की एवढी माहिती झालेलं हे एकच घर आहे, दुसरं घेऊ ते न तपासता घेऊ. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

निकाल बँकेने लावला. तांत्रिक मूल्यांकन करणारा माणूस आला, नकाशा बघितला, दुसऱ्या मजल्यावर गेलासुद्धा नाही. अहवालात मंजूर १६४ मीटरच धरले, वरचं शून्य. व्यवस्थापकांनी सांगितलं की १७ डिसेंबर २०२४ रोजी मीरतच्या एका बांधकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावलंय, पूर्णत्वाचं किंवा भोगवट्याचं प्रमाणपत्र तपासल्याशिवाय तारण कर्ज देऊ नका. वरच्या मजल्याला ते नव्हतंच. "नियमित करून आणा, मग बोलू." एजंटने लगेच एका खासगी वित्तसंस्थेचं नाव सुचवलं, जी 'एवढं बघत नाही'. व्याजाचा दर ऐकल्यावर कळलं की ते बघतात, फक्त पैसे आपल्याकडून घेतात.

त्या मूल्यांकनाने मला एक गोष्ट दिली: बोलणी करायला आकडा. आम्ही काकांसमोर तीन हिशेब मांडले. पाडावं लागणारं क्षेत्र वजा. प्रीमियम, तडजोड शुल्क, आर्किटेक्ट आणि पाडकाम यांचा खर्च वजा. आणि शास्तीची काही थकबाकी निघाली तर ती त्यांची. काका दुखावले. "मजला फुकट मागताय," म्हणाले. आठवडाभर फोन नाही. मग त्यांच्या मुलाचा फोन आला. त्यालाही एका गिऱ्हाइकाच्या बँकेने तेच उत्तर दिलं होतं. १ कोटी ९ लाखांवर ठरलं.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय तो: करार. एजंटच्या मसुद्यात मिळकतीचं वर्णन होतं 'तळमजला अधिक पहिला मजला, १६४ चौ. मी.'. दुसऱ्या मजल्याचा उल्लेखच नाही. "कशाला कागदावर आणायचं?" दुसरीकडे काकांच्या मुलाने आणलेल्या मसुद्यात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: 'सदर मिळकत लिहून घेणार यांनी प्रत्यक्ष पाहून, तिच्या सर्व त्रुटींसह, कसलीही तक्रार न करण्याच्या अटीवर घेतली आहे.' पहिल्यात माझा मजला गायब, दुसऱ्यात माझा हक्क. वकीलबाईंनी दोन्ही बाजूला सारले आणि नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, केलं. त्यात मजला जसा आहे तसा लिहिला, २०१० च्या नोटिशीचा क्रमांक लिहिला, आणि अट घातली: सुधारित परवानगीचा अर्ज काका स्वतःच्या नावाने करतील, कारण आज मालक ते आहेत. परवानगी आल्यावरच खरेदीखत. नऊ महिन्यांत आली नाही तर इसारा परत. शुल्क आम्ही भरायचं आणि परवानगी नाकारली गेली तर ते बुडीत आमचं. ही शेवटची अट नवऱ्याला बोचली. पण काकांना दुसरं काही देण्यासारखं आमच्याकडे नव्हतं.

नऊ महिन्यांतले बरेचसे दिवस वाट बघण्यातच गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोनदा त्रुटी निघाल्या. एकदा उत्तर दिशेचा बाण चुकला होता.

लिहिण्यासारखं आहे ते पायाबद्दल. मूळ घर दोन मजल्यांसाठी गणित करून बांधलेलं. त्याच खांबांवर २००९ साली तिसरा भार चढवला. महापालिकेला नियमित करण्यासाठी संरचना स्थैर्याचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि खरं सांगायचं तर एफएसआयपेक्षा मला याचीच जास्त धास्ती होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खांबांवर जागोजागी हातोडीसारखं यंत्र टेकवून वाचनं घेतली, आणि जिन्याजवळच्या खांबाशी खड्डा खणायला लावला. खड्ड्यात उतरून त्याने पायाची रुंदी मोजली, बाहेर आला, हात झटकले आणि काकांना विचारलं, "पाया इतका मोठा कुणी घ्यायला सांगितला होता?"

"आमच्या मिस्त्रीने. तो म्हणाला होता, पुढेमागे वर चढवाल."

म्हणजे १९९६ सालीच मिस्त्रीला माहीत होतं. तीन खांबांना तरीही जॅकेटिंग करावं लागलं, भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीट. तो खर्च आमच्या हिशेबात नव्हता.

सुधारित परवानगी आठव्या महिन्यात आली, सशर्त: कोठीची खोली आणि दुसऱ्या मजल्याचा एक भाग काढून टाकल्यावरच भोगवटा. कोठीचे आठ मीटर तर जाणारच होते, ती मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, होती. उरले १४.३२. कुठून कमी करायचे याचा आर्किटेक्टने बराच विचार केला. जिना काढता येत नाही, न्हाणीघर काढलं तर नळ फिरवावे लागतात. शेवटी त्यांनी नकाशावर मागच्या खोलीभोवती पिवळी रेघ ओढली. ४.०० गुणिले ३.५८.

शेवगा बघत होती ती खोली.

पाडताना मी गेले नाही. काका गेले होते, न बोलावता. ठेकेदार सांगत होता, दिवसभर समोरच्या कठड्यावर बसून होते आणि जाताना खिडकीची लाकडी चौकट मागून घेऊन गेले.

खरेदीखत झालं, भोगवटा प्रमाणपत्र आलं, आम्ही राहायला आलो. जिथे खोली होती तिथे आता उघडी गच्ची आहे आणि जुन्या भिंतीच्या खुणेवर नव्या सिमेंटचा पट्टा. गेल्या महिन्यात मालमत्ता कराचं बिल आलं. शास्ती नाही, पण क्षेत्र अजून ३१८. मी करविभागात भोगवटा प्रमाणपत्र घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी स्क्रीनवर बघून सांगितलं, "आमच्याकडे खोली आहे."

"पाडली. तुमच्याच बांधकाम विभागाच्या आदेशाने."

"ते त्यांचं झालं. आमच्याकडे आहे. माणूस येऊन बघून जाईल, अर्ज द्या."

तो माणूस परवा आला. हातात टेप, कागदावर आमच्या घराचं जुनं रेखाचित्र. मी त्याला वर घेऊन गेले. तो गच्चीच्या मधोमध उभा राहिला, कागद एकदा आडवा, एकदा उभा धरून पाहिला, आणि मला म्हणाला, "मॅडम, टेपचं टोक जरा तिकडे धरता का?"